शिंगं नसलेल्या व्हायकिंगांच्या गावी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात डेन्मार्कमधल्या रीबेच्या व्हायकिंग सेंटरवर लिहिलं होतं. गावाबाहेर मोकळ्या माळावर हजार-बाराशे वर्षांपूर्वीची वस्ती नव्याने बांधलीय आणि त्या घरांमधून त्या काळच्या कपड्यातली माणसं खरोखर कामं करत बसलेली असतात, ते ठिकाण. त्यावर भरपूर मेल आले, काही प्रेमाचे काही वैतागाचे, त्यातले निवडक इथे घेतलेत. तिकिटाचे दर विचारणाऱ्यांना एकच सांगते, दर आणि वेळा दरवर्षी बदलतात, त्यांच्या वेबसाईटवरच बघा.

ताई, मुलगी-जावई बिलुंडला असतात. येत्या जूनमध्ये आम्ही दोघं जातोय, नातवंडं ७ आणि ११ वर्षांची आहेत. लेगोलँड तर होईलच, पण रीबेला मुद्दाम जावं असं खरंच काही आहे का? माझे गुडघे बोलतात आणि ह्यांना दम्याचा त्रास आहे.
— एक आजी, नाशिक

काकू, बिलुंडहून रीबे साधारण ६० किलोमीटर, म्हणजे गाडीने तासाभराचं काम, तेव्हा जाच. आणि जून उत्तम, कारण ही जागा हिवाळ्यात बंदच असते, साधारण मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हंगाम, आणि हंगामाच्या सुरुवातीला-शेवटाला काही वार बंद असू शकतात, तेव्हा जायच्या आदल्या दिवशी वेबसाईट बघूनच निघा.

आता गुडघे. आवार मोठं आहे, वाटा मातीच्या, गवताच्या, काही ठिकाणी फळ्या टाकलेल्या, पाऊस पडला की चिखल, आणि डेन्मार्कमध्ये जून असला तरी पाऊस पडतोच. चांगले पकड असलेले बूट घाला, चपला-सँडल नकोत. सगळं बघायचा हट्ट धरू नका. बाजाराच्या भागात एक बाक पकडून बसलात तरी दिवस वाया जाणार नाही.

काकांना मात्र आधीच सांगून ठेवा की लांबघरात जपून. ही घरं लांबलचक, मधोमध जमिनीवरच उघडी चूल, आणि धुराडं नाही. धूर छपराकडच्या भोकातून जमेल तसा बाहेर जातो, बाकीचा आत. डेन्मार्कमध्ये संशोधकांनी अशाच पुन्हा बांधलेल्या घरांमध्ये हिवाळ्यात राहून हवा मोजली तर कार्बन मोनॉक्साइड आणि बारीक कण आजच्या सुरक्षित मर्यादेच्या खूप वर निघाले. आपल्याकडे चुलीपुढे जन्म काढलेल्या बायकांना हे मोजून सांगायची गरज नव्हती म्हणा. तर काकांनी दारातून डोकावावं, इनहेलर खिशात ठेवावा आणि चुलीजवळ बसायची हौस तुम्ही भागवून घ्यावी.

मुलांचं सांगायचं तर धनुष्यबाण आहे, ससाणे उडवून दाखवतात, आणि लाकडी तलवारी नि गोल ढाली देऊन पोरांची फौज करतात, सात वर्षांचा नातू तिथून हलणार नाही. पण अकरा वर्षांच्या मुलाला (की मुलीला?) घेऊन मणी करणाऱ्याकडे जा आणि निदान एक मणी पूर्ण होईपर्यंत उभे राहा. छोटीशी मातीची भट्टी असते, दुसरा माणूस भाता मारत असतो, कारागीर लोखंडी सळईच्या टोकाला, त्यावर आधी चिकणमातीचा हात फिरवलेला असतो बरं का, म्हणजे मणी नंतर सुटून येतो, तर त्या टोकावर वितळलेली काच गुंडाळत जातो आणि सळई सारखी फिरवत राहतो. हात थांबला की काच एका बाजूला ओघळली. मग वरून दुसऱ्या रंगाचा बारीक धागा ठिपक्यासारखा टेकवतो. हे सगळं खेळ म्हणून केलेलं नाही, रीबेच्या जुन्या बाजाराच्या उत्खननात भट्ट्यांचे अवशेष, काचेचे थेंब, अर्धवट बिघडलेले मणी आणि रोमन मोझेकमधले काचेचे जुने तुकडे सापडलेत, म्हणजे कच्चा माल पार दक्षिणेतून यायचा. आणि मग साधारण ७९० च्या सुमारास मध्यपूर्वेतून तयार मण्यांचा लोंढा आला आणि रीबेच्या मणीकारांचा धंदा बसला. अकरा वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं, आणि आपल्याकडच्या मोठ्यांनाही कळावं.

जाता जाता : रीबे हे डेन्मार्कचं सगळ्यात जुनं शहर, २०१० मध्ये त्यांनी १३०० वर्षं साजरी केली. सेंटर बघून झालं की गावात फिरा, स्टेशनसमोरच व्हायकिंग काळाचं वेगळं म्युझियम आहे, खऱ्या वस्तू तिथे आहेत. गुडघ्यांनी साथ दिली तर.

मी कट्टर शाकाहारी आहे, कांदा-लसूण चालतो. तिथे खायला काय मिळेल? व्हायकिंग लोक फक्त मांसच खायचे ना?
— एक वाचक, सांगली

नाही हो. रोजचं खाणं बार्ली, राय, ओट यांची पेज आणि भाकरीसारखी चपटी रोटी, जोडीला वाटाणे, कांदे, कोबी, दूध-लोणी, जंगलातली बोरंफळं, हेझलनट. मासे भरपूर, मांस जमेल तसं. बटाटा, टोमॅटो, मिरची यातलं काहीच नव्हतं, ते तेव्हा तुमच्या सांगलीतही नव्हतं. तिथे मुलांना दांडक्याला पीठ गुंडाळून विस्तवावर भाजायला देतात ते तुम्हाला चालेल, बाकी कॅफेच्या भरवशावर राहू नका, डबा न्या.

तुमचा लेख वाचला. तिथे जुनं असं काहीच नाही, घरं १९९० नंतर बांधलेली, कपडे शिवलेले, माणसं नाटक करणारी. मग त्याला म्युझियम म्हणायचं कशाला? उद्या कोणी प्लायवुडचा रायगड उभा केला तर तुम्ही तिकीट काढून जाल का?
— निवृत्त इंजिनिअर, पुणे

सर, प्लायवुडच्या रायगडाला जाणार नाही. पण प्रश्न चांगला आहे म्हणून जरा लांबण लावते.

लाकडी घर हजार वर्षं टिकत नाही. खांब कुजतो, पण जिथे तो पुरला होता तिथली माती आजूबाजूपेक्षा काळपट राहते. उत्खननात माती अलगद तासत गेलं की असे गोल काळे डाग रांगेने दिसायला लागतात, खांब किती जाड, किती अंतरावर, सरळ की तिरका, चूल कुठे, गुरं कुठे. आपल्याकडे शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणून घोड नदीकाठची तीन हजार वर्षांपूर्वीची घरं ओळखली ती अशाच खुणांवरून. म्हणजे जमिनीवरचा नकाशा मिळतो, पण वरचं? भिंत किती उंच, छपराचा उतार किती, वासे कसे बांधले, धूर कुठून जायचा? ते कागदावर कितीही काढा, खरं-खोटं कळायचं असेल तर बांधून बघावं लागतं. याला प्रयोगात्म पुरातत्त्व म्हणतात आणि डेन्मार्कवाले त्यात मुरलेले आहेत, तिथल्या लायरं या गावी १९६४ पासून हाच उद्योग चालू आहे, घरं बांधतात, त्यात राहतात, एखादं मुद्दाम जाळूनही बघितलंय, जळाल्यावर जमिनीत काय उरतं ते कळावं म्हणून.

आणि चुकतात की. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ट्रेलेबोर्गचं. डेन्मार्कच्या हेराल्ड ब्लूटूथ राजाच्या काळात, ९८० च्या आसपास बांधलेला गोल किल्ला, आत सारख्या मापाची लांब घरं. १९४२ मध्ये तिथे एक घर पूर्ण आकारात उभं केलं, आणि भिंतीच्या बाहेर जी खांबांची दुसरी रांग सापडली होती ती बघून त्यांना वाटलं की घराला चहूबाजूंनी ओसरी असणार. सुंदर ओसरी बांधली. पुढे इतर ठिकाणची खणणं झाली, खड्डे बारकाईने तपासले, तेव्हा लक्षात आलं की ते बाहेरचे खांब तिरके होते, भिंतीला दिलेले टेकू होते ते, ओसरी नव्हतीच. मग १९८० च्या दशकात फ्युरकाट या तशाच दुसऱ्या गोल किल्ल्यावर तसंच घर टेकूंसकट बांधलं. ट्रेलेबोर्गचं चुकीचं घर मात्र पाडलं नाही, उभं आहे, आणि ते का चुकलं ते सांगतात. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला यातलं मोल माझ्यापेक्षा जास्त कळेल. हे किल्ले २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले.

तर नाटक म्हणून बघायला गेलात तर नाटक दिसेल, आणि काही ठिकाणं आहेतही तशी, जिथे चामड्याचे पट्टे नि लांब दाढ्या बघून वाटतं की हे थेट टीव्ही सिरियलमधून आलेत. माझी एक सवय सांगते. काम करणाऱ्या माणसासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, हे असंच होतं हे तुम्हाला कसं कळलं? चांगल्या जागी त्या माणसाचा चेहरा खुलतो, तो सांगतो की हे अमुक थडग्यात सापडलं, हे आम्ही अंदाजाने केलंय, आणि ही कडी तर हार्डवेअरच्या दुकानातून आणलीय, नियमच आहे तसा. जिथे असं उत्तर मिळत नाही तिथे फोटो काढून पुढे जावं.

मी हॅम्बुर्गला मास्टर्स करतोय, बजेट टाइट आहे. रीबे की हायथाबू? एकच जमेल.
— एक विद्यार्थी

हायथाबू, म्हणजे उत्तर जर्मनीतलं व्हायकिंग काळचं व्यापारी शहर. तुला ट्रेनने श्लेस्विगपर्यंत सहज जाता येईल आणि शिवाय ती खरी जागा आहे. म्हणजे रीबेचं सेंटर मूळ वस्तीपासून थोडं लांब बांधलंय, पण हायथाबूत तू जिथे चालतोस तिथेच ते शहर होतं, भोवती अर्धवर्तुळाकार मातीचा तट अजून आहे, झाडं उगवलीत त्यावर, आणि आत पाण्याच्या बाजूला सात घरं पुन्हा बांधलीत, कुडाच्या भिंती, गवती छपरं, अगदी छोटी छोटी. बाकी सगळी जमीन मोकळी. बहुतेक शहर अजून त्या गवताखाली आहे हे लक्षात ठेवून चाल, फार वेगळं वाटतं. शेजारच्या म्युझियममध्ये बंदरातून वर काढलेल्या जहाजाचे अवशेष आहेत. डानेव्हिर्के तटबंदीसकट २०१८ मध्ये युनेस्कोत गेलं.

एक गंमत. ९६५ च्या सुमारास स्पेनमधून अल-तर्तुशी नावाचा प्रवासी इथे येऊन गेला. त्याने लिहून ठेवलंय की इथल्या लोकांच्या गाण्याइतकं भयंकर काही ऐकलं नाही, घशातून गुरगुर येते, कुत्र्याच्या भुंकण्यापेक्षा वाईट. आणि बायका-पुरुष दोघंही डोळ्यांना काजळासारखं काहीतरी लावतात असंही म्हणतो. हे वाचून जा, तिथे कोणी गायला लागलं तर उपयोगी पडेल.

मी शाळेत इतिहास शिकवते. या लुटारू लोकांना असं गोड करून मुलांना दाखवणं मला खटकतं. लाकडी तलवारी देऊन आपण काय शिकवतोय?
— एक शिक्षिका, सातारा

बाई, तुमचं खटकणं मला मान्य आहे आणि मी ते खोडून काढणार नाही. ७९३ मध्ये इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठावर धाड पडली ते आठवून बघा, त्या साधूंना गोल ढालींचं कौतुक वाटलं नसतं. त्याहून मोठी गोष्ट गुलामांची. धाडीत सोनं-चांदी लुटायचे तशी माणसंही पकडून न्यायचे आणि विकायचे, डब्लिनचा बाजार त्यासाठी मोठा होता, हायथाबूच्या बंदरातल्या गाळात लोखंडी बेड्या सापडल्यात. आता अशा गावात फिरताना मणीकार दिसतो, लोहार दिसतो, कातणारी बाई दिसते, पण गुलाम दिसत नाही, कारण सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन आलेल्या माणसांसमोर ते कसं उभं करायचं हा प्रश्न कोणालाच नीट सुटलेला नाही. काही ठिकाणी फलकावर लिहितात, काही ठिकाणी सांगणारे तोंडी सांगतात, विचारलं तर.

पण उलट बाजूही सांगते. बहुसंख्य लोक आयुष्यात कधी धाडीवर गेलेच नसतील, शेती करणारी माणसं ती. तुम्ही मुलांना कधी नेलंत तर तलवारींकडे न नेता उभ्या मागाकडे न्या. भिंतीला टेकवलेली लाकडी चौकट, ताण्याचे धागे वरून सोडलेले आणि खाली दगड किंवा भाजलेल्या मातीची वजनं बांधून ताणलेले, विणकाम वरून खाली, म्हणजे विणणारी बाई दिवसभर उभी. आणि त्याआधी प्रत्येक धागा टकळीवर हाताने कातलेला. अंगावरचे कपडे तर सोडाच, जहाजाचं लोकरीचं शीडसुद्धा असंच, शेकडो मेंढ्यांची लोकर आणि कित्येक बायकांचे महिनेच्या महिने. शीड नसतं तर धाडही नसती. शेजारी जातं असतं ते फिरवून बघा, वरच्या पाळीला भोक, खुंटा, तंत्र आपल्या जात्याचंच, आणि दगडही चुलत भाऊच म्हणायला हवा, जर्मनीतल्या आयफेल डोंगरातला ज्वालामुखीचा काळा दगड व्यापारी रीबेपर्यंत विकायला आणायचे. पिठात कच यायची, दात झिजायचे. वर्गात हे सांगितलंत तर मुलं तलवारी विसरतील असं मी म्हणत नाही, पण ऐकतील.

व्हायकिंगांकडे भारतातला माल पोचला होता असं ऐकलं, खरं की व्हॉट्सॲप?
— एक वाचक, बडोदा

यावेळी खरं, पण जेवढं आहे तेवढंच घ्या. स्टॉकहोमजवळ हेल्गो बेटावर १९५६ मध्ये साडेआठ सेंटिमीटरची काशाची बुद्धमूर्ती सापडली, साधारण सहाव्या शतकातली, काश्मीर-स्वात भागात घडवलेली. ती आता स्टॉकहोमच्या इतिहास म्युझियममध्ये आहे, जाणं झालं तर चुकवू नका, काचेमागे इतकी छोटी दिसते की लोक पुढे निघून जातात. ती तिथे कोणी, कशी नेली, हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरं म्हणजे अकीक. स्कँडिनेव्हियातल्या कबरींमध्ये लालसर अकिकाचे मणी भरपूर निघतात, नवव्या शतकापासून तर खूपच, ते पूर्वेकडून आले हे नक्की, आणि त्यातले काही तुमच्या गुजरातच्या खाणींतले असावेत असा अभ्यासकांचा कयास आहे. खंबात तुम्हाला हाकेच्या अंतरावर, तुम्हाला काय सांगायचं. वाट रशियातल्या नद्यांवरून आणि अरब व्यापाऱ्यांच्या हातून. स्वीडनच्या गोटलंड बेटावर १९९९ मध्ये ६७ किलो चांदीचा साठा सापडला, त्यात १४ हजारांवर नाणी होती, जवळजवळ सगळी अरबी.

म्हणून कोणी व्हायकिंग मुंबईच्या किनाऱ्याला लागला होता असा फॉरवर्ड आला तर डिलीट करा. मण्यांनी प्रवास केला, हातोहात.

शिंगांचं हेल्मेट तिथे मिळतं का? आईने तुम्हाला विचारायला सांगितलं.
— इयत्ता चौथी, ठाणे

राजा, रस्त्यावरच्या टुरिस्ट दुकानात प्लास्टिकचं मिळेल. पण खऱ्या व्हायकिंगांच्या हेल्मेटला शिंगं नव्हती. नॉर्वेत १९४३ मध्ये एक जवळजवळ पूर्ण हेल्मेट सापडलं, गोल टोपी आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी पट्टी. शिंगं आली १८७६ च्या एका जर्मन ऑपेराच्या ड्रेसमुळे. आईला सांग, शिंगांऐवजी लाकडी तलवार घेऊन दे.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या बांधायचं काम, वडील अजून करतात. भाऊ कोपनहेगनला जहाजाच्या कंपनीत आहे, तो वडिलांना बोलावतोय. त्यांना देवळं-राजवाडे बघण्यात काडीचा रस नाही. काय दाखवावं?
— एक वाचक, मालवण

दादा, वडिलांना रोस्किल्डला न्या, कोपनहेगनहून ट्रेनने अर्धा तास, आणि दुसरं काही दाखवलं नाहीत तरी चालेल.

तिथल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे खाडीत, स्कुलडेलेव नावाच्या जागेजवळ, १०७० च्या आसपास लोकांनी पाच जुनी जहाजं दगड भरून मुद्दाम बुडवली होती, शत्रूचा मार्ग अडवायला. १९६२ मध्ये भोवती बांध घालून पाणी उपसलं आणि हजारो तुकडे काढले. त्यातलं सगळ्यात लांब युद्धजहाज कुठलं ते लाकडाच्या वर्षकड्यांवरून कळलं, ओक डब्लिनकडचा, १०४२ मध्ये तोडलेला. म्हणजे डेन्मार्कमध्ये बुडालेलं जहाज आयर्लंडमध्ये बांधलेलं होतं. मग यांनी त्याचं तंतोतंत ३० मीटरचं जहाज बांधलं, कुऱ्हाडींनी, आणि २००७ मध्ये साठेक माणसं त्यात बसून डब्लिनपर्यंत गेली, मध्ये वारा पडला तेव्हा काही अंतर दुसऱ्या जहाजाने ओढून न्यावं लागलं हेही ते लपवत नाहीत. २००८ मध्ये परत आणलं.

पण वडिलांना रस वाटेल तो धक्क्यावरच्या कामाच्या जागेत. तिथे ओकाचा ओंडका करवतीने कापत नाहीत, पाचरी ठोकून मधून उभा फोडतात, मग त्या फाकेची परत फाक, पिझ्झ्याच्या तुकड्यांसारखी, त्यामुळे फळीत रेषा तुटत नाही आणि पातळ फळीसुद्धा लवचिक राहते. फळ्या एकमेकींना कड लावून बसवत नाहीत, वरची खालचीवर थोडी चढवतात, मध्ये डांबरात भिजवलेली लोकर, आरपार लोखंडी खिळा आणि आतून छोट्या पत्र्यावर त्याचं टोक ठेचलेलं. आणि आधी बाहेरची फळ्यांची काया उभी राहते, आतल्या आडव्या फासळ्या मागाहून त्या आकाराला बसवतात. हा क्रम वडिलांना आवडेल किंवा मुळीच पटणार नाही, दोन्हीतलं काही झालं तरी ते आणि तिथले कारागीर भाषेवाचून तासभर बोलत बसतील, भावाला सांगा मध्ये मध्ये भाषांतर करायला जाऊ नकोस.

उन्हाळ्यात तिथे शिडाच्या होडीतून फ्योर्डमध्ये नेतात, वल्ही पाहुण्यांनाच मारावी लागतात, तिकीट वेगळं. आणि निघण्यापूर्वी कुठला विभाग चालू आहे ते बघून घ्या, मूळ जहाजं ठेवलेला हॉल पार पाण्याच्या कडेला आहे, २०१३ च्या वादळात तो थोडक्यात वाचला आणि तेव्हापासून तिथे जहाजांचं पुढे काय करायचं हे चालू आहे. हॉल बंद असला तरी धक्का आहे. वडिलांना जाड जॅकेट द्या, तिथला वारा मालवणातल्या वाऱ्यासारखा नाही.